ते संध्याकाळी बघू

१२ जुलै

मिरी,

आशीर्वाद नेहमीचेच. रागावले आहे म्हणून त्यात काही कापलेलं नाही. पगारात कापाकापी आमच्या शाळेची संस्था करते, मी नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, खाली निळी खूण येते, आणि पुढे काही नाही. बाबांना मात्र फोन करतेस. तुझा फोन आला की ते गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. आत आल्यावर मी विचारते, "काय म्हणाली?" तर म्हणतात, "बरी आहे." एवढं सांगायला अर्धा तास लागतो होय? म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्र न वाचता फेकायचं झालं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

तुझ्या कॉलेजच्या शेवटच्या सहामाहीच्या फीसाठी पाठवलेले पैसे तू परत पाठवलेस ते मिळाले. बाबांकडून कळलं की तू झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं आहेस. दिवसा शिक्षक व्हायचं शिकायचं आणि नंतर दुसऱ्यांची पुस्तकं मशीनवर पालथी घालायची. ठीक आहे. स्वाभिमान असावा माणसाला, पण वेळेवर जेवत जा.

त्या दिवसाचं पुन्हा काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण पेन हातात आल्यावर राहवत नाही. सरावाचे पाठ तुला आमच्याच शाळेत घेता यावेत म्हणून हेडसरांना गळ कुणी घातली? मी. माझा स्वतःचा वर्ग, नववी ब, तुझ्या हवाली कुणी केला? मीच. सुरुवातीला तू शेवटच्या बाकावर बसून माझे तास बघितलेस आणि काहीबाही टिपत राहिलीस. मी स्टाफरूममध्ये मिरवत होते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "पोरगी तुमच्या वळणावर गेलीय हो." मला ते ऐकून बरं वाटलं, आता कशाला लपवू.

मग तुझा तास आला. शाब्दिक उदाहरणं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं काढा. मी हे कसं शिकवते ते तू पाहिलं होतंस. "समजा, मुलाचं वय क्ष" असं फळ्यावर लिहायचं, समीकरण मांडायचं, सोडवायचं. उत्तर येतं, पोरं उतरवून घेतात, धडा संपतो. तपासणीला कुणीही या, बोट ठेवायला जागा नाही. क्ष मुलालाच का मानलं, आणि उद्या परीक्षेत बापलेकांच्या जागी पाण्याच्या टाक्या आल्या तर कुणाला मानायचं, हे मी संध्याकाळी सांगते. आपल्या बाहेरच्या खोलीत, चटईवर, फी भरलेल्यांना.

तू ते भर वर्गात सांगून टाकलंस. एका तासात. आणि चांगलं सांगितलंस. मी दाराबाहेर उभी होते.

दुसऱ्या दिवशी चटई अर्धी रिकामी. जी आली त्यांतली एक म्हणाली, "बाई, ताईंनी सांगितलं ते आणि हे एकच आहे ना?" एक वडील फी परत मागायला आले, तेही आत न येता, जिन्यात उभं राहून, खालच्या काकूंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. काकूंना आधीच चपलांच्या ढिगाचा राग, त्यांना आयतंच मिळालं.

त्यानंतर मी तुला जे बोलले ते बोलले. तुझी फी याच चटईवरून जाते हे काही खोटं नव्हतं. तू म्हणालीस, "मग नको भरूस." आणि सकाळच्या गाडीने गेलीस. जाताना बाबांशी बोललीस. मी आत भांडी घासत होते. नळ बंद करून उभी होते, हाक मारशील म्हणून.

मी चुकत असेन तर तू शिक्षिका झाल्यावर सांग. पगाराशिवाय वर्गावर उभी राहा, घरमालकाला तोंड चुकव, आणि मग सांग. त्याआधी मी काही ऐकून घेणार नाही.

आई


२८ जुलै

मिरी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हतेच. तरी पोस्टमनची सायकल खाली लागली की मी उगाच दार उघडून पायपुसणं झटकते. खालच्या काकू त्यावरूनही भांडल्या.

इकडचं विचारशील तर, म्हणजे विचारणार नाहीस, तरी सांगते. स्टाफरूममध्ये आता शाळेबद्दल कुणी बोलत नाही. चित्रकलेच्या बाई प्लास्टिकचे डबे विकतात. कपाटात जिथे तक्ते होते तिथे झाकणं रचून ठेवली आहेत, आणि मधल्या सुट्टीत आम्ही सगळे त्यांना चुकवून चहा पितो. विज्ञानाचे सर एका गोदामावर रात्रपाळी करतात आणि सकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर डोकं टेकून झोपतात. मुलांना त्यांनी सांगून ठेवलंय, "आवाज नको, निरीक्षण करा." मुलं निरीक्षण करतात, सरांचं. याच माणसाने पुठ्ठ्याची दुर्बीण करून अख्ख्या शाळेला चंद्रावरचे खड्डे दाखवले होते. तू तेव्हा पाचवीत होतीस, सात दिवस तेच बोलत होतीस.

सही एका आकड्यावर करायची आणि पगाराचं पाकीट दुसऱ्याच आकड्याचं घ्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज तुला ठाऊक आहे. तेही पाकीट कधी येईल ते हेडसरांनाही माहीत नसतं. विचारलं की ते छताकडे बघतात.

तू जाताना एक म्हणाली होतीस. पगार कमी मिळतो म्हणून शिकवायचंही कमी, हे कुठलं न्यायाचं? मी तेव्हा फक्त ओरडले. आता सांगते. एक दिवस ठरवून कुणी कमी शिकवायला लागत नाही गं. माझा घसा बसला होता. एका पोराने काहीतरी विचारलं आणि मी म्हटलं, ते संध्याकाळी बघू, घरी ये. तो आला, येताना आणखी काही जणांना घेऊन आला. त्यांच्या आयांनी न मागता पैसे दिले. त्या महिन्यात शाळेचं पाकीट आलंच नव्हतं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तेव्हा घसा चांगला ठणठणीत होता, तरी मी तेच म्हटलं.

आता तर तोंडच त्या वळणाचं झालंय. वर्गात कुणी "का" म्हटलं की माझं "ते संध्याकाळी बघू" बाहेर पडलेलं असतं. ज्याची फी भरलेली असते तो निश्चिंत असतो, ज्याची नसते तो मान खाली घालतो. हल्ली फारसं कुणी विचारतही नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. पुलापलीकडची ती शाळा माहीत आहे ना, जिच्या भिंतीला दरवर्षी रंग लागतो? तिथल्या गणिताच्या सरांची निवृत्ती जवळ आली आहे. मी अर्ज केला होता. बोलावणं आलं. पूर्ण पगार, पहिल्या तारखेला, थेट बँकेत. वयाची अट मी जेमतेम काठावर पार करते. एक नमुना पाठ द्यायचा, त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच मुलांसमोर, आणि मागे तिघंजण बसून बघणार.

त्यांची एक अट आहे, शिक्षकाने खाजगी क्लास घ्यायचा नाही. आमच्याकडचे दोघं ती अट वाचून मागे फिरले. मी ती वाचली आणि मला रडू आलं. जागा मिळाली की चटई गुंडाळून माळ्यावर. हे मी तुला लिहून देते. मग तू ये, शेवटच्या बाकावर बस आणि बघ तुझी आई काय शिकवते.

आई


१६ ऑगस्ट

मिरी,

पाठ परवा आहे. विषय त्यांनीच कळवला. शाब्दिक उदाहरणं. वाचल्यावर आधी हसू आलं आणि मग मी पाठाची वही काढली.

रोज संध्याकाळची पोरं गेली की मी बाबांना बसवते. दुकानातून थकून आलेला माणूस, चहा तोंडाला लावतो न लावतो तोच मी पांढऱ्या फळ्यासमोर उभी. पहिल्या दिवशी म्हणाले, "मी खुर्चीवर बसून शिकलो तर चालणार नाही का?" म्हटलं, "विद्यार्थ्यांनी प्रश्न विषयाला धरून विचारावेत." तेव्हा बसले चटईवर, भिंतीला पाठ टेकून.

उभा जन्म कापड मोजण्यात गेला त्यांचा, पण विद्यार्थी म्हणून इतके चेंगट असतील असं वाटलं नव्हतं. मी लिहिलं, "समजा, मुलाचं वय क्ष." लगेच हात वर. "मुलाचंच का? बापाने काय घोडं मारलंय?" मी सांगितलं. नीट सांगितलं, घाई न करता, जसं सांगायला हवं तसं. मग त्यांनी स्वतःचंच एक गणित घातलं, "एका ताग्याचे दोन तुकडे केले, मोठा लहानाच्या चौपट. म्हणजे क्ष लहान तुकडा, बरोबर?" बरोबर म्हटल्यावर असे खूश झाले की पुन्हा चहा मागितला.

मग कप हातात धरून म्हणाले, "तू असं शिकवतेस?"

"म्हणजे कसं?"

"नाही, मला माहीतच नव्हतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा माणूस आज मला हे सांगतो. मी तोंड वळवून फळा पुसला.

काल ते गॅलरीतून आत आले आणि नेहमीचं "बरी आहे" न म्हणता म्हणाले, "पाठ किती वाजता आहे म्हणून विचारत होती." मी एवढंच म्हटलं, "अकराला." पण आज दिवसभर माझं कशातच लक्ष नव्हतं. नववी ब ने दोन वेळा चूक दाखवली आणि मी दोन्ही वेळा हसले. पोरं घाबरलीच.

अकराला आहे, मिरी.

आई


१९ ऑगस्ट

मिरी,

पाठ झाला. चांगला झाला. वर्ग मोठा आहे, खिडक्या दोन्ही बाजूंना, फळ्यावर ऊन येत नाही. खडू मऊ, हाताला भुकटी लागत नाही. मुलं शिस्तीची. कळवतो म्हणाले.

तू बाबांना विचारलंस म्हणे, कसा झाला. चांगला झाला.

आई


१० सप्टेंबर

मिरी,

पाठ चांगला झाला नाही.

बाबांनाही मी अजून खोटंच सांगते आहे. त्यांना वाटतंय त्या शाळेने वयामुळे नकार दिला. ते मलाच समजावतात, "वय काय आपल्या हातात असतं?" आणि मी मान डोलावते. तुला खरं सांगते, कारण तू समोर नाहीस.

मागे तिघं बसले होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे एक गृहस्थ आणि निवृत्त होणारे ते गणिताचे सर. सरांच्या बाहीला खडू लागलेला होता, ते बघून मला धीर आला. मी सुरुवात छान केली. मुलांना हसवलं. बापलेकांचं तेच गणित घातलं, फळ्याकडे वळले आणि लिहिलं, "समजा, मुलाचं वय क्ष."

मागून आवाज आला. दुसऱ्या बाकावरची मुलगी होती, दोन वेण्यांची, नाक मुरडायची सवय असलेली. "बाई, मुलाचंच का? वडिलांचं का नाही मानायचं?"

याच प्रश्नाची मी इतके दिवस वाट बघत होते. याच्यावरच माझा सगळा पाठ उभा होता. मी फळ्यावरून मान न वळवता म्हटलं, "ते संध्याकाळी बघू."

माझ्याच कानाने ते ऐकलं, पण एक क्षण मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. हातातला खडू तसाच पुढे चालत होता. ती मुलगी म्हणाली, "संध्याकाळी कुठे, बाई? संध्याकाळी तर शाळा बंद असते." खवचटपणे नाही. खरंच विचारत होती.

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी त्या गृहस्थांकडे बघितलं. त्यांना बहुतेक कळलं नसावं. पण गणिताच्या सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि खाली बघायला लागले. त्यांना कळलं होतं. मी समीकरण सोडवलं, बारा आणि छत्तीस, उत्तराखाली रेघ मारली, फळा स्वच्छ पुसून दिला. त्या मुलीचं उत्तर मी तेव्हाही देऊ शकले असते. वेळ होता. पण मी पिशवी उचलली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुमचं." सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "घरी किती जण येतात?" रागाने नाही विचारलं, बाई गं, मायेने विचारलं, आणि तेच मला सोसलं नाही. मी म्हटलं, "येतात थोडे." ते म्हणाले, "मीही सुरुवातीला घ्यायचो. मग इथे लागलो म्हणून सुटलो." पुलावरून मी चालत आले. बस दोनदा शेजारून गेली.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय की माती कुठे खाल्ली. सराव केला होता. उत्तर पाठ होतं, बाबांना समजलं होतं. पण सराव केला कुठे? घरी, चटईवर, संध्याकाळी. तिथे मला सांगायची सवय आहेच. सकाळी, बाकांसमोर, खडू हातात घेऊन मी इतक्या वर्षांत कधी सांगितलेलंच नाही. सराव करायचा होता तो न अडता बोलण्याचा नव्हता, शाळेच्या वर्गात बोलण्याचा होता. हे मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी कुठला वर्ग मिळणार होता?

एक वर्ग होता, नववी ब. तेही करून पाहिलं. नकाराचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गावर गेले आणि म्हटलं, आज मी तुम्हाला सगळं सांगणार आहे. आता दोन टाक्यांचं गणित घेऊ आणि क्ष कुणाला मानायचं ते आधी बघू. खडू उचलला. पहिल्या बाकावरची, आपल्याकडे येते ती, उभी राहिली. म्हणाली, "बाई, हे तर आपण संध्याकाळी घेणार होतो ना?" मी म्हटलं, आता घेऊ. तर तिने मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आम्ही फी कशाला भरली?"

तिचं काय चुकलं? तिची आई सकाळी लोकांचे जिने पुसून ती फी भरते. मी खडू खाली ठेवला आणि पुस्तकातलं पुढचं पान काढायला सांगितलं.

क्लास आता पुन्हा भरलाय. तू सांगून टाकलेला धडा मागे पडला, नवीन लागला, पोरं परत आली. चटई पुरत नाही म्हणून आणखी एक आणली. ती पसरताना मला आनंद झाला, हेही तुला सांगते. झाला आनंद.

पत्राचं उत्तर देऊ नकोस. दिलंस तर मला त्याला काही लिहिता येणार नाही.

आई


२१ फेब्रुवारी

मिरी,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच फोडलं. खालच्या काकू दारात होत्या, म्हणाल्या, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, लेकीचं आहे. त्यांनी पहिल्यांदाच चपलांबद्दल काही न बोलता दार लावून घेतलं.

नोकरी लागल्याचं बाबांकडून कळलं होतं. बाकीचं कळलं नव्हतं, म्हणजे ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. शिक्षण खात्याची मान्यता आली की पगार सुरू, आणि मान्यता कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. एका खोलीत तिघी. भाडं थकलेलं. घरमालकाची दोन मुलं आणि शेजारचा एक, त्यांना व्हरांड्यात शिकवतेस. सगळं वाचताना वाटत होतं की हे पत्र मीच कधीतरी लिहिलेलं आहे. आणि खाली, सही झाल्यावर, ती एक ओळ. "आई, काल वर्गात मी पण म्हणाले. ते संध्याकाळी बघू."

मी जिन्यातच बसले.

पहिल्या पत्रात मी तुला काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे. पगाराशिवाय उभी राहा आणि मग सांग. तू सांगितलंस. मी इतके महिने तुझ्या उत्तराची वाट बघितली आणि हे उत्तर मला नको होतं. तू मला चुकीचं ठरवायला हवं होतंस. तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस तरी चाललं असतं, असं मी त्या पायरीवर बसून म्हटलं. आत्ता लिहिताना तितकं धैर्य नाही. बोलत राहा.

तुला कुणी काय विचारलं होतं ते तू लिहिलं नाहीस. मुलगा होता की मुलगी, कुठल्या बाकावरचं. पण कुणीतरी विचारलं असणार, त्याशिवाय तू ते म्हणाली नसतीस. तर ऐक. त्याला उद्या सकाळी सांग. पहिल्याच तासाला. एकदा म्हटलं गेलं तर म्हटलं गेलं, घसा बसला होता असं समज. दुसऱ्यांदा म्हणू नकोस. दुसऱ्यांदा म्हटलं की पुढे जड जात नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं, मी दाराबाहेरून ऐकलंय. तरीही लिहिते. दोन वेण्यांच्या त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि ती मला आता भेटायची नाही.

वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. यात वडिलांची ओळख कशावरून दिली आहे? मुलावरून. मुलाची ओळख कशावरून दिली आहे? कशावरूनच नाही. त्याच्याबद्दल गणितात एक अक्षर सांगितलेलं नाही. ज्याच्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं, पण बाकीच्यांची ओळख ज्याच्यावरून दिलेली असते, त्याला क्ष मानायचं. टाक्या असोत, भाऊ असोत, बाबांचं कापड असो. आधी तो शोधायचा. तो सापडला की पुढचं समीकरण कुणालाही येतं. आणि वडिलांना क्ष मानलं तर चूक होते का? नाही होत. उत्तर तेच येतं, फक्त मुलगा बापाचा एक तृतीयांश होतो आणि अपूर्णांक निस्तरत बसावं लागतं. विचारणाऱ्याला हेही सांग, नाहीतर त्याला वाटेल आपण विचारलं तेच चुकीचं होतं.

संपलं. एवढंच आहे ते. लिहायला अर्धं पान लागलं, सांगायला पाच मिनिटं लागतील. इतकी वर्षं मी हे राखून ठेवलं.

पैसे पाठवते आहे. दर महिन्याला पाठवीन, तुझी मान्यता येईपर्यंत. व्हरांडा बंद कर. ते पैसे चटईवरचे आहेत हे तुला सांगायला नको. माझी नववी ब सकाळी अर्धं शिकणार, म्हणून तुझ्या वर्गाला सकाळी पूर्ण शिकायला मिळणार, असा हा हिशोब आहे. पहिल्या बाकावरच्या त्या पोरीची आई जिने पुसते आणि त्यातून तुझं भाडं जातं. हे बरोबर नाही. मी बसून खूप विचार केला, दुसरं काही सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

यावेळी परत पाठवू नकोस.

जिन्यात पोरांचा आवाज यायला लागला. चटया घालायच्या आहेत.

उद्या सकाळी सांग, मिरी.

आई